वनमालेच्या नावाची यादी

उमरगा, मे १९५९

ती. मामा,

दिगंबरचं डोकं तुमच्या पायांवर. गुडघा आता भूमच्या चढावर तक्रार करत नाही ना? मामींना नमस्कार. मला इथं उन्हानं सारखी गुंगी असते (हे मुद्दाम लिहितो आहे).

मावशीच्या गोपाळकृष्णाच्या वरातीबद्दल तिचं पत्र आलंच असेल. खरी हकिकत अशी. बँड ठरवायचं काम माझ्याकडं होतं. आमचा शिवशरण बँडवाला चालींच्या याद्या खिळ्यांना टांगून ठेवतो, प्रत्येक यादीला एकेका नवरीचं नाव. लोक येऊन म्हणतात, "गिरिजाबाईच्या लग्नात वाजवलंत तसं वाजवा," की तो ती यादी काढतो. मी गेलो तेव्हा दिवस कलला होता. आत कुणीतरी क्लॅरिनेटवर फार संथ काहीतरी घोळवत होतं, आणि हमरस्त्यावरची धूळ सोनेरी होऊन तरंगत होती. मी त्या धुळीबरोबर कुठं गेलो होतो, देव जाणे.

"मास्तर, नाव बोला. कुणाची यादी?"

मी म्हणालो, "वनमाला."

(वनमाला म्हणजे आमचे हेडमास्तर दत्तोपंत यांची थोरली. नाव तोंडून कसं गेलं, कळलं नाही. ऊन.)

त्यानं सगळे खिळे चाचपले. "या नावाची न्हाय. नवी करू. काय वाजवायचं?"

आतली चाल अजून चालू होती. मी तिकडं बोट दाखवलं आणि घरी आलो.

वरातीत तीच चाल वाजली. संपली, की पुन्हा तीच. मामा, तुम्ही असायला हवे होतात. मारुतीपासून वेशीपर्यंत सगळं गाव पाण्याखालून चालल्यासारखं चाललं होतं. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायका डुलत होत्या, पोरं खांद्यांवर झोपली, हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकवाल्यानं इंजिन बंद करून स्टिअरिंगवर गाल टेकला. शेवटी घोडा उभ्या-उभ्या झोपला, आणि त्याच्यावर गोपाळकृष्णही. नवी नवरी प्रेमला तेवढी जागी होती.

मावसोबा ओरडले, "शिवशरण, दुसरं वाजव की रे!"

"दुसरं न्हाय, साहेब," तो ढोलावरून ओरडायच्या सवयीनं ओरडला. "वनमालाबाईच्या यादीत येवढंच हाय! यादीभाईर वाजवलं की लोक भांडतेत."

ढोल थांबला. सगळं गाव जागं झालं. ही वनमाला कोण, अशा नजरेनं प्रेमलेनं नवऱ्याकडं पाहिलं, तो घोड्यावरून खाली आला, आणि मीच नाव दिलं होतं हे मला सर्वांसमोर सांगावं लागलं. दत्तोपंतांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला त्यांनी सोमवारी शाळेत भेटायला बोलावलं आहे.

तरी मावशीला एवढंच समजवा, की माझ्या मनात काही नव्हतं.

तुमचा,
दिगंबर

ता. क. वरचं शेवटचं वाक्य मावशीपुरतं आहे. दत्तोपंत तुमचा शब्द मोडत नाहीत. रविवारच्या एस.टी.नं या आणि सोमवारच्या आत माझ्यासाठी वनमालेला रीतसर मागणी घाला. नाही म्हणाले, तर मला भूमच्या शाळेत जागा बघा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तोच तिची धाकटी बहीण तारामती कुंपणापाशी येऊन विचारून गेली, "ताई म्हणते, त्या यादीत अजून दोन चाली घालायच्या आहेत. शिवशरणला तुम्ही सांगता, का तिनंच जावं?" मामा, शनिवारीच या.