नातवासाठी जागा शिल्लक नाही

ग्रिम्सबी,
बुधवार

तीर्थस्वरूप बेरिल मावशीस,

कर्स्टीचा शिरसाष्टांग नमस्कार, आणि विल्फकडून गालाला एक ओला, बिस्किटाचा पापा. तुझी तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. (नसेल तर हे पत्र बरी झाल्यावर वाच, पण शक्यतो शनिवारच्या आत बरी हो.) स्कारबरोला वारा कसा आहे? इथे आहेच, आणि त्यात माशांचा वास. आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे माझी झोप गेली आहे, डीनचं तोंड बंद झालं आहे आणि विल्फला चौथा दात आला आहे. आई कशी आहे ते ओघात येईलच, तिचा ओघ सध्या फार जोरात आहे, तेव्हा जरा टेकून बस.

मी ज्या धुरीघरात हॅडॉक माशांना धूर देते तिथले मुख्य कारागीर निवृत्त झाले आणि मालक टास्करसाहेबांनी त्यांची जागा माझ्यासाठी राखून ठेवली. भट्टीच्या खोलीची किल्ली आजवर तिथे कुठल्याही बाईच्या हाती गेलेली नाही. मी अकरा वर्षं त्या किल्लीकडे बघत मासे टांगले, म्हणून तुला सांगते, मला ती हवी आहे. अगदी लाज सोडून हवी आहे. अट एकच, येत्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं. बाळंतपणाची रजा, तिला जोडलेली रजा आणि त्या रजेला जोडलेली बिनपगारी रजा, सगळ्या संपल्या. सोमवारी मी दिसले नाही तर किल्ली साहेबांच्या पुतण्याला मिळेल, ज्याला किंमत वाचल्याशिवाय कॉड कुठला आणि हॅडॉक कुठला हे ओळखता येत नाही.

आता तू म्हणशील, मग मुलाला पाळणाघरात घाल, सरकार मदत देतं म्हणतात. देतं ना. सरकारचं मन फार मोठं आहे, फक्त त्याचं दार कुठल्या बाजूला आहे ते सापडत नाही. आईबाप दोघंही कमावते असतील तर एका मदतीत आठवड्याचे तीस तास फुकट. दुसऱ्या मदतीत एक खातं उघडायचं, आपण आठ पौंड टाकले की सरकार दोन टाकतं. तिसरी घेतली तर दुसरी बुडते. आपल्याला काय फायद्याचं ते इंटरनेटवर सरकारच्या पानावर प्रश्नांची उत्तरं दिली की समजतं. पहिलाच प्रश्न, जोडीदार तुमच्यासोबत राहतो का? डीन आठवड्यातले चार दिवस मासळीच्या व्हॅनमध्ये झोपतो आणि घरी आला की सोफ्यावर. मी बराच वेळ विचार करून ‘हो’ म्हटलं. (लग्नात सुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता.) तर तीस तास मिळाले, पण ते तास ठेवायचे कुठे? गावातल्या एकूणएक पाळणाघरात जागा भरलेल्या. एकीने विचारलं, नाव कधी घातलं होतंत? मी म्हटलं, आत्ता घालतेय. ती सभ्य होती, हसली नाही, पण तिच्या मागे दुपट्यांच्या घड्या घालत उभी असलेली हसली.

म्हणून मी आईला गाठलं. ती मासे बांधण्याच्या कारखान्यात होती आणि पगार सोडून नातू सांभाळणं तिला परवडणारं नव्हतं, हे मलाही कळत होतं. मग मीच डोकं चालवलं. (इथून पुढे जे झालं ते माझ्याच डोक्याचं फळ आहे, डीनला बोल लावू नकोस. त्याची पाळी पुढे येईल.) आजी सांभाळत असेल तर ते तीस तास मिळत नाहीत, पण आजीने घरी मुलं सांभाळण्याची रीतसर नोंदणी केली आणि नातवाला तिच्या घरी ठेवलं, तर आठावर दोनचं खातं चालतं. मात्र नोंदणी काही नुसत्या नातवंडांसाठी होत नाही, निदान एक परकं मूल हवं. आई आधी हो-ना करत होती, मग कारखाना सोडून शिकायला गेली. रबरी बाळाच्या घशातून मणी काढायला शिकली, जिन्याला फाटक बसवलं, आणि तपासणीच्या बाईने जेव्हा विचारलं की मूल चावलं तर काय कराल, तेव्हा म्हणाली, “कुणाला चावलं त्यावर आहे.” मला वाटलं, संपलं. पण ती बाई हसली आणि आईला परवाना मिळाला. आता तो दिवाणखान्यात, बाबांचा फोटो होता तिथे, चौकटीत आहे.

परक्या मुलासाठी मीच वाचनालयात चिठ्ठी लावली. आईचं असं वर्णन केलं की मला स्वतःलाच तिच्याकडे राहायला जावंसं वाटलं. व्हायचं तेच झालं. आठवड्याच्या आत एका वकिलीणबाईंची जुळी आली. एकट्या बाईला पाच वर्षांखालची तीनच मुलं ठेवता येतात. दोन जागा गेल्या, तिसरी विल्फची. आईने स्पष्ट सांगितलं, “शुक्रवारपर्यंत खातं उघडल्याचं दाखव. मी पगार सोडून बसलेय.” मी म्हटलं, एवढंच ना? पण खात्याला डीनचीही ओळख पटवावी लागते, आणि डीन स्कॉटलंडच्या कुठल्यातरी डोंगरामागे हॉटेलांना मासे पोचवत होता. फोन लागला तेव्हा त्याने पासपोर्टचा नंबर छातीठोकपणे सांगितला. चुकला. पुन्हा सांगितला, तोही चुकला. तिसऱ्यांदा त्याने सांगितला तो व्हॅनच्या विम्याचा नंबर होता. तिथे सरकारी पानाचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत बंद झालं, आणि हे सगळं झालं तो दिवस शुक्रवार होता. मी शनिवारी खातं उघडून नाचत आईकडे गेले, तर तिसरी जागाही गेली होती.

ती कुणी घेतली हे मला परवा सोमवारी साहेबांच्या तोंडून समजलं. मी आणखी दोन आठवडे मागायला गेले होते. ते म्हणाले, “अगं, शोधलं की सापडतं. आमच्या मुलीला बघ, कशी सोन्यासारखी बाई मिळाली. कुणी लॉरेन म्हणून आहे.” मावशी, मी त्या माणसासमोर उभी राहून माझ्याच आईचं कौतुक ऐकलं आणि मान डोलावली. दुसरं करणार काय?

तिथून तडक आईच्या स्वयंपाकघरात. जुळी झोपलेली, साहेबांची नात आईच्या कडेवर, आणि माझा विल्फ माझ्या कडेवर, दोघं एकमेकांच्या नाकाला हात लावायला बघत होते. आम्ही कुजबुजत भांडलो. (मुलं झोपलेली असताना आवाज चढवायचा नाही, हा आईचा नवा नियम. माझ्या लहानपणी ती माझ्या नावाने हाक मारायची तेव्हा बंदरातले लोक वळून बघायचे.)

“तुझा नातू आहे तो.”

“चौथा आहे तो. नातू असला तरी चौथाच.”

“एका दिवसाने, आई? एका दिवसासाठी?”

मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. “आधी तुला मी फुकट हवी होते. मग सरकार पैसे देतंय म्हटल्यावर परवान्याची हवी झाले. आता परवाना मिळाला, माणसं दारात उभी राहून मला बाई म्हणायला लागली, तर तुला परत फुकटची आई हवी. एकदा ठरव ना, कर्स्टी.” ती साहेबांच्या नातीच्या पाठीवर थोपटत होती, इतकी शांत की मी तिला तसं कधी पाहिलेलं नाही. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिचा अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर त्या चिमुरडीचा हेवाही वाटला. विल्फला घेऊन मी घरी आले आणि गाडीतच बसून रडले.

तर असं सगळं आहे. बाकी विशेष काही नाही. तुझ्या शेजारच्या बाईंना नमस्कार सांग, आणि विणायला घेतलेला स्वेटर झाला का ते कळव.

तुझी भाची,
कर्स्टी

ता. क. एक गोष्ट राहिली. मी निघताना आई दारातून म्हणाली की एका बाईला तीनच मुलं, पण हाताखाली दुसरी बाई असली तर जास्त ठेवता येतात. मी म्हटलं, मग शोध की. ती म्हणाली, “माझ्या स्वयंपाकघरात मी एकच बाई चालवून घेईन, आणि ती माझ्याशी बोलत नाही.” मावशी, विल्फच्या बारशाला तू त्याला उचललंस आणि आईने तो तुझ्या हातातून काढून घेत “राहू दे, तुला सवय नाही,” असं सगळ्यांसमोर म्हटलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. मी तेव्हा केक कापत होते आणि मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. तू येशील का?

ता. ता. क. मदतनीस म्हणून तुझी सरकारी चौकशी व्हावी लागेल आणि तिला काही आठवडे लागतील. तोपर्यंत विल्फला तू माझ्याच घरी सांभाळायचं आहे. त्याबद्दल सरकार तुला काहीही देणार नाही, हे मी नीट तपासून घेतलं आहे.

आणखी एक. टास्करसाहेबांना मी येत्या सोमवारी येते म्हणून सांगून टाकलं आहे. तुला विचारायच्या आधीच.

शेवटचं. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं, कारण आत्ता आईचा फोन आला. रविवारी डीन व्हॅन घेऊन तुला इकडे आणायला तुझ्याकडे येतोय हे तिला त्याच्याकडून कळलं. (त्याचं तोंड नको तेव्हा उघडतं.) ती त्याच्याबरोबर येतेय. माफी मागणार नाही म्हणाली, तेवढी अपेक्षा ठेवू नकोस. विल्फलाही घेऊन येतेय. तू दार उघडलंस की आधी त्याला तुझ्या हातात द्यायचं, आणि तू परत देईपर्यंत आपण घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं आहे.