निसटलेला पडदा

१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू आणि घरातली सगळी मजेत असाल. आम्हीही तसे बरे आहोत. अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलंय, पण सांभाळून घे. पलंगावर पालथी पडून, कडेबाहेर डोकं काढून, खाली जमिनीवर ठेवलेल्या फळीवर लिहितेय. डावा डोळा बांधलेला आहे. घाबरू नकोस, सगळं नीट होतंय.

चार वर्षांनी पत्र, आणि तेही असं. दोनदा फोन हातात घेतला होता. पण फोनवर माझा आवाज चढतो, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

झालं असं, की माझ्या डोळ्याचा पडदा सुटला. आतल्या भिंतीला कागद चिकटवावा तसा एक पातळ पडदा असतो म्हणे, त्यावर सगळं उमटतं. त्याला वरच्या बाजूला फाट पडली, तिच्यातून मागे पाणी शिरलं आणि तो भिंतीपासून सुटत गेला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून तो जागेवर बसवला, फाटीभोवती लेझर मारलं आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा नेहमी वर जाणार. म्हणून मी तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो मागे पडद्यावर दाबून बसतो. तासातली पन्नास मिनिटं, असे सात दिवस. आज चौथा. ताई कुणापुढे मान खाली घालत नाही म्हणायचीस ना? आता येऊन बघ.

तुझे भावोजी रजा घेऊन घरी आहेत. मला काही सांगायचं असलं की माझ्या तोंडाखाली जमिनीवर उताणे पडतात. काल दुपारी असेच पडून पेपर वाचून दाखवत होते. दुसऱ्या पानावर स्वतःच घोरायला लागले, पेपर तोंडावर. हलून हसायचीही मला बंदी.

सुरुवात एका सोमवारी झाली. सकाळी शाळेची बस बाहेर काढताना डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मग काजळीचे कण तरंगायला लागले. वाटलं, चष्मा मळलाय. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. बुधवारी डाव्या कोपऱ्यात सावली आली, ती गुरुवारी आणखी पुढे सरकली. शुक्रवारी शाळेच्या आवारात मागे घेताना गाडी खांबाला जरा घासली.

मुलांना चढवणारी-उतरवणारी मदतनीस नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे. गाडी रिकामी झाल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डावीकडे हात धरला.

"बोटं किती?"

"कसली बोटं?" मी म्हणाले.

तिने किल्ली काढून घेतली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात थेंब घालून तासभर बसवलं. मग डॉक्टरीणबाई डोक्याला दिवा बांधून आल्या, तुझ्यामाझ्याहून लहान असतील वयाने. हातात भिंग. "वर बघा. डावीकडे वर. आता नाकाकडे." पापणीवरून बारीक दांडीने दाबून कडेकडेचं बघितलं, फार दुखलं. मग कागदावर एक गोल काढला आणि लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवत बसल्या. लाल म्हणजे चिकटलेलं, निळं म्हणजे सुटलेलं. निळं मधल्या ठिपक्याच्या अगदी जवळ आलं होतं.

"हा ठिपका सुटला, की वाचणं आणि माणसं ओळखणं अवघड होतं," त्या म्हणाल्या. "अजून तो जागेवर आहे. म्हणून ऑपरेशन सोमवारी नाही, आजच."

सही करताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला एवढा जाड चष्मा?"

"धाकटी बहीण आहे. तिचा माझ्याहून जाड."

"तिला कधी वीज चमकल्यासारखी दिसते? काळे ठिपके?"

आता मी काय सांगू? चार वर्षं मला तुझं काहीच माहीत नाही. "विचारते," एवढं म्हणाले. आपल्यासारख्यांचे डोळे जास्त लांब असतात, त्यामुळे पडदा ताणून पातळ होतो. पातळ जागा वेळेवर सापडली तर फाटायच्या आधीच लेझर करता येतं, दहा मिनिटांचं काम. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. थेंब घालून पडद्याच्या कडा बघून घ्यायच्या. तू या आठवड्यात जा. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी जा.

पत्र इथेच संपवलं होतं. भावोजींना पाकीटही आणायला सांगितलं. पण तोंड खाली करून पडलेल्या बाईला दुसरा उद्योग नसतो, विचार सोडून.

वर मी 'जरा घासली' असं लिहिलंय. ते खोटं आहे. खांब मला दिसलाच नाही. मागचा सगळा कोपरा दणकून आदळला. उतरून बघितलं तर खांबापलीकडे दोन हातांवर पहिलीच्या पोरांची रांग होती, आणि मदतनीस त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी. खांब नसता तर काय, ते मला लिहवत नाही. आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्रेक अडकला." मेकॅनिकने बिचाऱ्याने दोन दिवस ब्रेक खोलून बघितला. काही सापडलं नाही, तरी त्याच्या नावावर शेरा पडला. गप्प बसलेय मी.

आणि तू. तू एवढंच म्हणाली होतीस, "ताई, दरवर्षी डोळे आतून तपासून घेत जा. पोरं बसतात तुझ्या गाडीत." मी भरल्या घरात काय उत्तर दिलं, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "तुला डोळ्यांमुळे ड्रायव्हरच्या परीक्षेत नापास केलं, म्हणून माझं बघवत नाही तुला." तू ताटावरून उठून गेलीस. मी जेवण संपवलं.

चुकले मी, बारके.

तपासून आलीस की दोन ओळी टाक. रागाच्या असल्या तरी चालतील.

ताई

*

२ एप्रिल

प्रिय बारके,

तुझं पत्र काल आलं. चार ओळी. "गेले होते. उजव्या डोळ्यात दोन ठिकाणी पडदा विरलेला आणि एक बारीक भोक. त्याच दिवशी लेझर केलं. ठिपके मलाही दिसत होते, कुणाला सांगितलं नव्हतं."

आधी भावोजींनी मोठ्याने वाचलं. मग मी कागद घेतला, उजवा डोळा झाकला आणि डाव्याने वाचलं. वेळ लागला. ओळी मध्येच जरा लहरतात. पण सगळं वाचलं, 'भोक' या शब्दापाशी थांबले, आणि भावोजी म्हणाले, "डॉक्टरांनी रडायची परवानगी दिलीय का?"

बुडबुड्याची मोठी गंमत झाली. तो विरत गेला तशी डोळ्यात पाण्याची पातळी दिसायला लागली. मान हलवली की ती डुचमळायची. शेवटी वाटाण्याएवढा उरला आणि गेल्या सोमवारी सकाळी दिसेनासा झाला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दिवा बांधून कडा बघितल्या आणि नवीन कागदावर गोल काढला. या वेळी निळी पेन्सिल हातातच घेतली नाही. तक्त्यावर खालून तिसरी ओळ वाचता येते. यंत्राने पडद्याचा आडवा फोटो काढून दाखवला. एकावर एक थर, नीट बसलेले. इतकं सुंदर काही माझ्यात असेल असं वाटलं नव्हतं.

आता दुसरं. चालता यायला लागल्यावर मी डेपोत गेले. साहेबांना सगळं सांगितलं: सोमवारची वीज, बुधवारची सावली, तरी गाडी चालवली ते, आणि ब्रेकचं खोटं. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"बाई, दोन दिवस मी त्या ब्रेकला शिव्या घालत होतो," तो म्हणाला.

"मला घाल."

"आता काय घालायच्या." मग म्हणाला, "डोळा कसा आहे?"

मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. त्याचा शेरा त्याच दिवशी खोडला, माझ्या नावावर पडला. मुलांची गाडी मला पुन्हा मिळणार नाही. मिळाली असती तरी मी घेतली नसती, हे खरं आहे. साहेबांनी नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम दिलंय, मोकळ्या मैदानात. मी अट घातली, की डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरचा पडदा वर्षातून एकदा थेंब घालून तपासायचा. पहिल्या दिवशी बावीस जण गेले. उन्हात डोळे मिचकावत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, वरातीसारखे परत आले. एकाच्या डोळ्यात साखरेने पडद्यावर रक्ताचे ठिपके आलेले सापडले. त्याला साखर आहे, हेच त्याला माहीत नव्हतं. उपचार सुरू झालेत.

भांडणाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहायला हवंच असंही नाही. पण ठिपके तूही लपवून ठेवले होतेस, हे वाचून मला राग आला, आणि राग आल्यावर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चार वर्षांत तुझ्यावर हक्काने रागवलेच नव्हते.

रविवारी अकराच्या बसने येतेय, एकटीच. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसून, त्याला काही न शिकवता. घ्यायला येशील का असं विचारणार नाही. ये. मी उतरले की आधी तू बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही.

तेव्हा तुझं न ऐकलेली, आता ऐकायला निघालेली,

तुझी ताई