चौबगल्याला ठिगळ ठरविल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा व्यवस्थापक,
महिला वस्त्रकला शिक्षण मंडळ,
जिल्हा कार्यालय, वर्धा.

विषय : शिवण निदेशिका पदासाठी सादर केलेल्या नमुन्यातील चौबगला हे ठिगळ समजून मला अपात्र ठरविल्याबाबत, व दि. १ जुलैचा नियुक्ती आदेश थांबविणेबाबत.

संदर्भ : १) निवड समिती, कारंजा (घाडगे) केंद्र यांची पत्रे दि. १४ मे व २ जून २००४
२) माझे हरकत अर्ज दि. १८ मे व ५ जून २००४

महोदय,

आपण खुर्ची जरा टेबलाजवळ ओढून घ्यावी, ही पहिली विनंती. मी आख्यान सांगणार आहे, आणि ते सुरुवातीपासून ऐकले नाही तर शेवटी कोणाचे चुकले ते कळत नाही. आमच्या देवळात कीर्तनाला उशिरा येणारा माणूस मागे बसून शेजाऱ्याला "काय झालं, काय झालं" विचारत राहतो. आपले तसे होऊ नये. आख्यान कापडाच्या दोन चौकोनी तुकड्यांचे आहे. प्रत्येक तुकडा चार इंची.

१. मी आष्टीची. वडील तानबा चर्जन भाजीपाला पिकवतात. मी नागपूरला राहून २००३ साली फॅशन डिझाइनची पदवी प्रथम श्रेणीत घेतली. आपल्या छापील अर्जात 'पार्श्वभूमी', 'कौशल्ये' आणि 'वैयक्तिक मूल्ये' असे तीन रकाने होते, प्रत्येकाला दीड इंच जागा. पहिले दोन मी दीड इंचात बसवले. मूल्ये बसेनात, म्हणून वेगळा कागद जोडला. समितीने तो कागद काढून टाकला आणि रकान्यात लाल शाईने 'लागू नाही' असा शेरा मारला. हा शेरा समितीने स्वतःबद्दल मारला असता तर माझी काही हरकत नव्हती. असो. ती मूल्ये इथे पुन्हा लिहिते. बाईचे माप घेताना आकडा तोंडाने बोलायचा नाही, गुपचूप लिहायचा, आणि तिच्या नवऱ्यालाही सांगायचा नाही. उरलेले कापड चिंधीसकट परत द्यायचे. आणि ज्या कपड्यात माणसाला खाली बसता येत नाही की वर हात पोचवता येत नाही, तो कितीही चमकला तरी उसवून पुन्हा शिवायचा.

२. नमुना म्हणून मी कीर्तनकाराचा अंगरखा नेला होता. तो अंगरखाच का, याचेही कारण आहे. मला कीर्तनाचे वेड लहानपणापासून आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी सप्ताहात टाळ घेऊन उभी राहिलेली आहे, आणि पेपर चांगला गेलेला आहे. आमच्याकडचे कीर्तनकार नत्थूबुवा मागच्या वर्षी घरी आले आणि म्हणाले, "बाई, देवाचं नाव घेतलं का हात वर जातेच. हात वर गेला का बगल टरकते. मंग लोकं कीर्तन सोडून माही बगल पाहून राह्यले. काहीतरी कर." त्यांच्या आजोबांचा जुना अंगरखा पेटीत होता. सत्तर वर्षांचा, पण बगल शाबूत. मी बुवांची परवानगी घेऊन तो टाका-टाका उसवला. बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे चार इंची चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला होता. त्याला चौबगला म्हणतात. हात वर गेला की तो उघडतो, खाली आला की मिटतो. कॉलेजात तीन वर्षांत जे शिकवले नाही, ते त्या मेलेल्या शिंप्याने मला एका दुपारी शिकवले. त्यावरून मी नवा अंगरखा शिवला. तो घालून नत्थूबुवांनी पाच कीर्तने केली. एक टाका ढिला झाला नाही. मग बुवांनी धुऊन, घडी करून तो मला मुलाखतीसाठी दिला.

३. मुलाखत १२ मे रोजी कारंजा केंद्रात झाली. समितीत तीन जण होते. त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात सुईत दोरा ओवला असेल असे त्यांच्या बोटांवरून वाटले नाही. अध्यक्ष श्री. वैरागडे साहेबांनी अंगरखा उलटा धरला, बाहीतून पलीकडे पाहिले आणि त्यांची नजर बगलेत थांबली.

"हे काय? नव्या कपड्याले ठिगळ?"

मी चौबगला म्हणजे काय ते सांगितले. हात वर करूनही दाखवला.

साहेब शेजारच्या सदस्यांकडे पाहून हसले. "ग्रॅज्युएट झाली, पण कापड पुरवता आलं नाई. बाई, दोन इंच जास्त घेतलं असतं तर?"

दुसऱ्या सदस्यांनी विचारले, "फॅशन शिकली ना तू? मंग हे बुवाचं सोंग काऊन आणलं?"

 तिसरे सदस्य समोसा खात होते, आणि त्या दिवशी समितीने नेटके केलेले काम तेवढे एकच होते. दि. १४ चे पत्र आले : 'नमुना ठिगळयुक्त असल्याने अर्जदार अपात्र.'

४. मी १८ मे रोजी हरकत घेतली, सोबत चौबगल्याची आकृती जोडली. वाटले, चित्र तरी कळेल. दि. २ जूनचे उत्तर आपण स्वतः वाचावे, कारण मी सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. त्यात लिहिले आहे की, 'अर्जदाराच्या हितार्थ सदर ठिगळे काढून नमुन्याची फेरतपासणी करण्यात आली असता, दोन्ही बगलांत प्रत्येकी एक मोठे भोक आढळून आले. सबब अपात्रता कायम.'

महोदय, भोक आढळून आले! ज्यांनी पाडले त्यांनाच आढळले. भिंतीतला दरवाजा काढून नेऊन घर उघडे ठेवल्याबद्दल मालकाला दंड करणारा अधिकारी मी आजवर पाहिला नव्हता. कारंजा केंद्राने तीही उणीव भरून काढली.

५. दि. ५ जूनला मी दुसरा अर्ज द्यायला स्वतः गेले आणि माझे तुकडे परत मागितले. साहेब दौऱ्यावर होते. केंद्राच्या शिपाई शोभाबाईंनी भोके पडलेला अंगरखा तेवढा माझ्या हातात दिला आणि त्या रडवेल्या झाल्या. "माह्यावर रागावू नको वं माय. साहेबानं दाढीच्या पत्तीनं कापाले लावलं, म्या कापलं. एक तुकडा साहेबाच्या चहाच्या गिलासाखाली आहे. दुसऱ्यानं साहेब चष्मा पुसून राह्यले." मी शोभाबाईंवर रागावले नाही. त्यांच्या हाताने टाके फार सावकाश काढलेले होते, कापडाला कुठे इजा नव्हती. त्या केंद्रात हातात कला असलेला माणूस मला तेवढाच दिसला. त्यांना समितीत घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. चष्मा रोज पुसला जातो हे ऐकूनही बरे वाटले. उपयोग झालेला दिसत नाही, पण प्रयत्न आहे.

६. आता निवड झालेल्या नमुन्याविषयी. तो चकचकीत कोट केंद्राच्या काचेच्या कपाटात लावलेला आहे. तो शिवणाऱ्या ताईंबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, त्यांना कोणी चूक दाखवलीच नाही. कोटाला सात सोनेरी बटणे आहेत. काज एकही नाही. शोभाबाईंनी सांगितले की वैरागडे साहेबांनी कौतुकाने तो अंगात घालून पाहिला. बटण लागेना, तेव्हा साहेब म्हणाले, "मीच जाड झालो." दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी साखर सोडली आहे.

मी रोज देवापुढे हात जोडताना ज्यांनी माझे बरे केले त्यांची नावे घेते, आणि ज्यांनी वाईट केले त्यांचीही घेते. आईने तसेच शिकवले आहे. वैरागडे साहेबांचे नावही घेते. त्यांना बुद्धी दे, असे मात्र म्हणत नाही. देवाला आधीच कामे पुष्कळ आहेत.

७. तरी माझ्या मागण्या साध्या आहेत. १ जुलैचा नियुक्ती आदेश आपण थांबवावा. तो कोट आपल्या कार्यालयात मागवून, आणि माझे तुकडे मी जागी बसवल्यावर, शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही एका माणसासमोर दोन्ही नमुने अंगात घालून दोन्ही हात वर करून पाहावेत. पदवी, गुण, समितीचा शेरा, काही बघू नये. फक्त हात वर करावेत. माझा नमुना तेव्हा टरकला तर मी पुन्हा अर्ज करणार नाही. आणि त्यासाठी माझे दोन तुकडे चहाच्या डागासकट परत मिळावेत. ते मी धुऊन त्याच जागी बसवीन. सोबत समितीच्या दोन्ही पत्रांच्या प्रती आणि भोकांसह अंगरखा जोडला आहे. पत्र वाचून झाल्यावर भोकांत हात घालून पाहावा, म्हणजे अधिक सांगावे लागणार नाही.

८. ही जागा गेली तर मी घरी मशीन टाकून पोट भरीन, त्याची काळजी नाही. पण केंद्रात नाव घातलेल्या सोळा बायका १ जुलैपासून ज्यांच्या हाताखाली शिकतील, त्यांच्याकडून त्या बिनकाजाची बटणे लावायला शिकतील, आणि चौबगल्याला ठिगळ म्हणायला शिकतील. त्या सोळांत शालू नावाची एक बाई आहे. कारंजाच्या आठवडी बाजारात भाजी विकते. ५ जूनला मी केंद्रातून बाहेर पडले तेव्हा ती समोरून येत होती. डोक्यावर भरलेले टोपले, त्याला एकच हात. दुसरा हात अंगाशी घट्ट दाबलेला. टोपले कलत होते तरी तो हात वर जात नव्हता. मी टोपले उतरवायला मदत केली तेव्हा कारण दिसले. पोलक्याची बगल फाटली होती, आणि ते तिचे चौथे पोलके होते, सगळी तिथेच फाटलेली, असे ती म्हणाली. मला तिने हळूच विचारले, "ताई, असं बिलाऊज शिवता येते का वं, ज्याच्यात बाईले दोन्ही हात वर करता येतीन? बाजारात लई लाज वाटते." मी म्हटले, येते. एक तारखेला ये, मी शिकवते.

महोदय, तिने एक तारीख लक्षात ठेवली आहे. आदेशावर सही करताना आपण माझे नाव विसरलात तरी चालेल, पण शालूची आठवण ठेवावी.

आपली नम्र,
(सही)
कु. मयुरी तानबा चर्जन
मु. पो. आष्टी, जि. वर्धा

दि. २१ जून २००४