बीटामध्ये अडकलेला अर्ज

गोरेगावातून सकाळची पहिली जीप सुटायच्या आधी नीलांबरी मोठ्या भावाला, विश्वंभरला, चिठ्ठी लिहायला बसली. काल त्याच्या तलाठी भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. तो फोटो चढवत असताना घरच्या लॅपटॉपवरचं पान पांढरं पडलं आणि ते परत उघडेपर्यंत मुदत संपली. विश्वंभर एवढंच म्हणाला, "तू काहून रडून राहिलीस? साइटच बंद पडली असंल."

"दादा," तिनं लिहिलं, "साइट बराबर चालू होती. त्याच वेळी माझ्या मैत्रिणीचा अर्ज गेला. चूक माझी हाय. मी हौसेनं आपल्या लॅपटॉपात ब्राउझरची बीटा आवृत्ती टाकली होती. नव्या सोयी तिच्यात आधी येतात, पण पुरत्या तपासलेल्या नसतात. चुका सापडाव्यात म्हणूनच ती लोकांना वापरायला देतात. तपासून पक्की झाली की तिला स्टेबल म्हणतात. हे तुला सांगितलंच न्हाई. आता बीटा काढून स्टेबल टाकलीय. भाकरी टोपल्यात आहेत, वरण गरम करून घे. मी साखऱ्याला आत्याकडं चालले. तुझ्यासमोर बसून जेवणं मला जमायचं न्हाई. पुढच्या भरतीचा अर्ज स्टेबलमधूनच भर."

शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. पुढची भरती निघेल तेव्हा विश्वंभरचं वय मर्यादेबाहेर गेलेलं असणार होतं. तिनं ती ओळ खोडली, तरी रेघेखालून अक्षरं दिसतच होती. बाहेर जीपवाला हाका मारून राहिला होता. दुसरा कागद घ्यायला वेळ उरला नव्हता.