हुकूम साहेबांचा, माणसे माझी

मी, विठोजी रघुजीराव माने, वय वर्षे सहासष्ट, अग्निशामक दलातून निवृत्त झालेला ठाणे अधिकारी, राहणार बनशंकरी दुसरा टप्पा, बेंगळूर, आज घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, आपल्या हाताने आणि आपल्या मर्जीने माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे आहे, पण ते छत्तीस वर्षे धूर गिळल्याचे आहे, डोक्यापर्यंत पोहोचलेले नाही. तसा डॉक्टर पद्मनाभ यांचा दाखला सोबत लावला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

वकील विद्याधर हे पुण्याहून अलीकडे इथे आले आहेत. ते म्हणाले, "अण्णा, इंग्रजीत करू या, कोर्टाला सोपे जाईल." आमचे घराणे या मुलखात तीनशे वर्षे आहे आणि तीनशे वर्षे घरात मराठी बोलते आहे, तेव्हा हा कागदही मराठीतच राहील. मध्येच कुठे 'स्वल्प'सारखा कानडी शब्द आला तर वकिलांनी तो खोडू नये. आमची मराठी अशीच आहे.

कलम १. बनशंकरीचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्यामागे ते माझी पत्नी सौ. सकवारबाई हिचे, तिच्या हयातीपर्यंत, पूर्ण हक्काने. तिच्यामागे खालचा मजला मुलगी वसुमती हिचा आणि वरचा मुलगा गिरीराज याचा. अट एकच. मागचे दार कधीही कुलपाने बंद करायचे नाही. आतून कडी लावावी, जी अंधारात हाताला सापडेल. चोरांच्या भीतीने गिरीराजने गेल्या वर्षी त्या दाराला लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातले होते. मी ते करवतीने कापले. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बाळ, चोर आला तर वस्तू जातील. एवढेच.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही आहे ते सगळे सकवारबाईचे. तिने ते कशावर खर्च करावे हे कोणी तिला शिकवू नये. माझ्या नोकरीतल्या आगीच्या प्रत्येक घंटेला तिने ताट झाकून ठेवले आणि मी परत येईपर्यंत ती स्वतः जेवली नाही. हे चुकीचे होते, मी तिला पुष्कळदा सांगितले. तिने ऐकले नाही.

कलम ३. हे कलम थोडे लांब आहे. ते वाचताना घाई करू नये.

माझ्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, सागवानी फळा टांगला आहे. त्यावर बिल्ले अडकवायचे पितळी आकडे आहेत आणि प्रत्येकाखाली नंबर रंगवलेला आहे. तो मी स्वतः केला. का केला, ते लिहितो.

माझ्याबरोबर भरती झालेला रत्नाकर हा बेंगळूरजवळच्या आनेकलचा. आमच्या खाटा शेजारी होत्या. चौसष्ट साली एका लाकडाच्या वखारीला आग लागली. आम्ही दोन गाड्यांवरून गेलो, चार तासांनी आग विझली, गाड्या परत आल्या. आम्हाला वाटले रत्नाकर दुसऱ्या गाडीवर आहे. दुसऱ्या गाडीवाल्यांना वाटले तो आमच्या गाडीवर आहे. ठाण्यात हात धुताना कोणीतरी विचारले, "रत्ना कुठाय?" तो दारापासून आठ पावलांवर सापडला. आठ. मी ती मोजली आहेत. तो आत आहे हे कोणाला ठाऊक असते, तर एक माणूस जाऊन त्याला ओढून आणू शकला असता.

त्याच्या बायकोला, कस्तुरीअक्काला, निरोप सांगायला मला पाठवले. तिने एकच विचारले, "तुम्ही मोजलं नाही का, भावोजी?"

मी त्या वेळी साधा फायरमन होतो, माझ्या हातात काही नव्हते. पुढे ठाणे माझ्या ताब्यात आले त्या आठवड्यात मी हा फळा केला. प्रत्येकाला एक पितळी बिल्ला दिला, त्यावर त्याचा नंबर. फळा गाडीबरोबर आगीपाशी न्यायचा, आत जाताना बिल्ला त्यावर टांगायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. फळ्यापाशी एक माणूस उभा राहील, तो दुसरे कुठलेही काम करणार नाही. आणि माझ्या शिटीचे तीन लांब आवाज आले की हातात असेल ते टाकून बाहेर. लोक हसले. "माने सायबांनी आम्हाला गुरं केलं, गळ्यात बिल्ले बांधले," असे म्हणाले. मी दर सोमवारी सराव घेतला. सहा महिन्यांत हसणे थांबले, कारण त्यांच्या बायकांना ही गोष्ट कळली होती.

आता एक्क्याऐंशी सालचे. मार्च महिना, दुपारचे दोन. फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिकचा माल ठेवलेले एक मोठे गोदाम पेटले. माझी अकरा माणसे पाण्याचे पाइप घेऊन आत होती. मी बाहेर भिंतीवरून नजर फिरवत होतो. गोदामाचे छप्पर लोखंडी कैच्यांवर, म्हणजे तिकोनी सांगाड्यांवर, होते. लोखंड तापले की लांबते, आणि लांबले की भिंतीला बाहेर ढकलते. पूर्वेच्या भिंतीला मी आलो तेव्हा केसाएवढी चीर होती. वीस मिनिटांनी तिच्यात माझे बोट गेले.

रस्त्यावर आमचे एक वरिष्ठ उभे होते, त्यांच्या शेजारी मालक. मालक सारखा ओरडत होता, "माल आतच आहे! मागच्या भागात अजून आग गेलेली नाही!" साहेब माझ्याकडे आले.

"माने, अजून चार माणसं आत घाला. मागचा माल वाचवायचाय."

"साहेब, भिंत चाललीय. मी आहेत त्यांना बाहेर काढतोय."

"मी हुकूम देतोय."

"हुकूम तुमचा, साहेब. माणसं माझी."

आणि मी शिटी तोंडाला लावली. तीन लांब आवाज.

माणसे बाहेर आली. खोकत, शिव्या देत, पाइप तिथेच टाकून. प्रत्येक जण फळ्यापाशी जाऊन आपला बिल्ला काढत होता. मी फळ्याकडेच बघत होतो. दहा आकडे रिकामे झाले. सात नंबरचा बिल्ला हलेना. सात नंबर म्हणजे नंजुंडप्पा, आमच्यातला सगळ्यात शांत माणूस. त्याने कधी हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

चौसष्ट साली जे कोणालाच ठाऊक नव्हते ते या वेळी मला ठाऊक होते. कोण आत आहे, आणि कुठे आहे. सात नंबर उजवीकडच्या पाइपावर होता. मी कमरेला दोरी बांधली, तिचे टोक दोघांच्या हातात दिले, आणि ओल्या पाइपावर हात ठेवून रांगत आत गेलो. दिसत काहीच नव्हते. वर छताचे बोल्ट तुटत होते, एकेक, फटाक्यासारखे. पाइपाच्या शेवटी माझा हात एका बुटाला लागला.

"सार, कालु," तो म्हणाला. पाय. लोखंडी मांडणी त्याच्या पायावर पडली होती. खांदा लावून मी ती उचलली, त्याने पाय ओढला, मी दोरीला दोन हिसके दिले. बाहेरच्यांनी आम्हाला पोत्यासारखे ओढले. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या गटाराशी पोहोचलो असू, तेवढ्यात पूर्वेची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली आणि सगळे छप्पर एकदम खाली बसले. जमीन हलली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने सात नंबरचा बिल्ला काढला आणि गटाराशी पडलेल्या नंजुंडप्पाच्या मुठीत ठेवला. "अकरा," तो म्हणाला.

आठ दिवसांनी मला निलंबनाचा कागद मिळाला. वरिष्ठांचा हुकूम मोडला, मालाचे नुकसान होऊ दिले, आणि कामावर असताना भित्रेपणा दाखवला. शेवटचा शब्द वाचून सकवारबाईने तो कागद माझ्या हातातून घेतला, काच घालून आणला आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल असा लावला. "लोकांना वाचू दे," म्हणाली. "तुम्ही कशाला लाजता?" चौदा महिने मी घरी बसलो. ती शिवणकाम करायची. वसुमती तेव्हा एकोणीस वर्षांची, शिकवण्या घ्यायची.

चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "एवढ्या मालाच्या नुकसानीला जबाबदार कोण?"

"आग, साहेब."

"थट्टा नको. छप्पर पडणारच होतं हे तुम्हाला कसं कळलं?"

मी त्यांना चिरेची गोष्ट सांगितली. लोखंड तापले की काय होते ते कागदावर काढून दाखवले. आणि टेबलावर त्या अकरा बिल्ल्यांसह फळा ठेवला. चौकशी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने एकेक बिल्ला उचलला आणि विचारले, "हा कोण?" मी नाव सांगायचो आणि दारातून तो माणूस आत यायचा. त्यांना मी बोलावले नव्हते. त्या दिवशीची रजा घेऊन ते आपण होऊन आले होते. नऊ जण आले. एक कामावर होता. अकरावा नंजुंडप्पा, काठी टेकत, सर्वांत शेवटी. साहेबांनी त्याला बसायला सांगितले. तो म्हणाला, "सरी सार, बरं, पण उभा राहता येतं हेच दाखवायला आलोय." एवढे मोठ्याने बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकले.

आरोप सगळे रद्द झाले. चौदा महिन्यांचा पगार मिळाला, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट, असे फळे बाकीच्या ठाण्यांत लावण्याचा आदेश निघाला. मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत माझ्या ठाण्याने आगीत एकही माणूस मागे सोडला नाही. हे वाक्य मी अभिमानाने लिहितो आणि त्याबद्दल नम्रता दाखवण्याची माझी इच्छा नाही.

हा फळा कस्तुरीअक्काला द्यावा. तो तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कलम ४. काचेतला निलंबनाचा कागद ठाण्याच्या शिकवणीच्या खोलीत लावावा. नव्या भरतीतल्या माणसांना तो वाचायला लावावा, आणि मग विचारावे की तुम्ही शिटी वाजवली असती का. विचार करायला वेळ देऊ नये. आगीत मिळत नाही.

कलम ५. त्या वरिष्ठांचे नाव मी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी ते आमच्या घरी आले होते, काठी घेऊन, म्हातारे झालेले. भिंतीवरचा कागद त्यांनी उभ्याने वाचला. "माने, त्या दिवशी मी चीर पाहिलीच नव्हती," म्हणाले. मी त्यांना माफ केले असे लिहा, हा सकवारबाईचा आग्रह आहे. मी एवढेच लिहितो की त्यांना कॉफी दिली, आणि ती चांगली दिली.

कलम ६. माझे शिरस्त्राण, कुऱ्हाड, शिटी आणि सरावाच्या सगळ्या वह्या वसुमतीच्या. गिरीराजने वाईट वाटून घेऊ नये. त्याला कॉम्प्युटरचा धूर तेवढा माहीत आहे.

वसुमतीने त्र्याऐंशी साली दलात भरतीसाठी अर्ज केला होता. तो 'फक्त पुरुष' असा शिक्का मारून परत आला. ती रडली नाही. सुरक्षेचा अभ्यास केला आणि आनेकलच्या बाजूला कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाली. तिथे मागच्या दाराला कुलूप असायचे, बायका कापड चोरून नेतील म्हणून. तिने चार अर्ज केले. व्यवस्थापक हसायचे. मग एके सकाळी ते दार उघडे असताना तिने आपले टेबल आणि खुर्ची उचलून त्या दाराच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवली. "माझी जागा इथे. मी बसलेली असताना दार कसं लावता ते बघते." दोन वर्षे ती तिथे बसली, उन्हात आणि पावसाच्या झडीत. बायका तिला 'बागिलु अक्का' म्हणायच्या, म्हणजे दाराची ताई.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, सकाळी अकराला, पुढच्या दाराजवळच्या इस्त्रीच्या विभागात आग लागली. पुढचा जिना धुराने भरला. तिने टेबल लाथेने बाहेर ढकलले. तीनशे चाळीस बायका तिच्या दारातून बाहेर आल्या.

साडेअकराला घरचा फोन वाजला.

"अप्पा, कारखाना पेटला. सगळ्या बाहेर आहेत."

"मोजल्या?"

"मोजल्या."

"परत मोज."

"दोनदा मोजल्या, अप्पा. तीनशे चाळीस. आणि मी."

मी फोन ठेवला आणि रडलो. नोकरीत मी कधी रडलो नाही, रत्नाकरच्या वेळीसुद्धा नाही. सकवारबाई घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिला आकडा सांगितला. तिने पदराने माझे तोंड पुसले आणि म्हणाली, "मग रडता कशाला? जेवायला बसा." त्या दिवशी आम्ही दोघे एकाच वेळी जेवलो.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वसुमतीकडे राहील.

कलम ८. माझ्या अंत्यविधीबद्दल. भाषणे नकोत. ठाण्यातल्या माणसांनी मला गाडीवरून न्यायचे ठरवले तर न्यावे, माझी हरकत नाही, मला आवडेल. पण वाटेत आगीची वर्दी आली, तर मला रस्त्याच्या कडेला सावलीत उतरवावे आणि गाडी घेऊन जावे. मी थांबेन. आग विझवा, माणसे मोजा, आणि संख्या पूर्ण भरली तरच मला न्यायला या.

वरील मजकूर मी वाचला, सकवारबाईला वाचून दाखवला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर खाली सही केली.

(सही) विठोजी रघुजीराव माने

साक्षीदार:
१. (सही) डॉ. पद्मनाभ, बनशंकरी. सही करणारा माणूस शुद्धीवर होता आणि माझे बोलणे त्याने दोनदा दुरुस्त केले.
२. (सही) नंजुंडप्पा, निवृत्त फायरमन, नंबर सात. उभ्याने सही केली.

स्थळ: बेंगळूर
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९७