द्वारकाची सोयरीक आणि माझी बिअर

मी, मुंजाबा रामजी गावंडे, वय एकाहत्तर, राहणार बजाजनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरच्यांचं मत वेगळं आहे.

चितेगावकडच्या एका बिअर कारखान्यात मी बॉयलर सांभाळला. बिअर कशी होते ते आत जाऊन कधी पाहिलं नाही, तरी जाणकार म्हणून मिरवलो. निवृत्तीनंतर शेजारी म्हणाले, "मग घरीच करा की!" नाही म्हणायला जीभ वळली नाही.

शहागंजच्या बाजारातून जव आणले. मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवले आणि गोड रस काढला. कडूपणासाठी हॉप्सची फुलं घालून उकळला. रस निवण्याआधीच तो आंबवणारं यीस्ट टाकलं. ते बिचारं उष्णतेनं जागीच मेलं. पत्नी बानाबाई हिनं चव घेतली. "काढा बरा झालाय. खोकला कुणाला हाय?"

दुसऱ्या खेपेला रस निववला, पण फसफस थांबायच्या आत बाटल्या भरल्या. वर प्रत्येकीत साखर, तीही सढळ हातानं. त्याच आठवड्यात मुलगी द्वारका हिला पाहायला पाहुणे आले. पोहे हातात, आणि आतल्या खोलीत बाटल्या फुटू लागल्या. नवऱ्या मुलाचे वडील काकासाहेब "सिलिंडर! सिलिंडर!" ओरडत अनवाणी पळाले. सोयरीक मोडली. द्वारका फरशी पुसता पुसता म्हणाली, "अण्णा, मला शिकायचंय म्हणून किती बोंबलले! तुमी नाय ऐकलं, बाटल्यांनी ऐकलं."

भावकीनं तोंड फिरवलं. मी मात्र द्वारकाला शिकू दिलं. आज ती पुण्यात औषधांच्या प्रयोगशाळेत आहे.

सबब, राहतं घर आणि बँकेतली ठेव बानाबाईच्या हयातीत तिची, पश्चात द्वारकाची. बिअरचं पातेलं, पिंप, नळीही द्वारकाला. पुतण्या आप्पासाहेब म्हणतो, "पोरीला घर कशाला?" त्याला जवाची गोणी द्यावी. मोड आणायला धीर लागतो. तेवढा तरी त्याला येईल.

गेल्या आठवड्यात द्वारका आली. मी नव्या खेपेची बाटली उघडून ग्लासात ओतली. फेस काठापर्यंत चढला आणि थांबला. ती एका दमात प्यायली. बानाबाईनं दारातून विचारलं, "कशी हाय गं?" द्वारकानं रिकामा ग्लास माझ्यापुढं धरला. तो भरताना माझे हात असे थरथरले की निम्मी बिअर तिच्या ओढणीवर गेली. अजूनही थांबलेले नाहीत. खालची सही वाकडी दिसल्यास कारण तेच समजावं.

मुंजाबा रामजी गावंडे (सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. सांडू भिकाजी जाधव (सही)
२. सारजाबाई मल्हारराव शेळके (अंगठा)

ठिकाण: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२४