दोन पेले म्हशीचं, एक पेला गाईचं

प्रिय आत्या,

पाया पडते. काल घरी काय आलं ते आधी सांगते : सानिकाची दुरुस्त झालेली उत्तरपत्रिका, बेळगावच्या फेरीचा फॉर्म आणि पावशेर पेढे. खर्च म्हणाल तर पेढ्यांचे पैसे आणि तीन पेले दूध. पेढे देवापुढं ठेवले, निरांजन लावलं आणि लगेच तुम्हाला लिहायला बसले. तुमची नात जिंकली हो आत्या!

शाळेत प्रश्नमंजुषा झाली. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला एक कापायचा. पहिले तीन बेळगावला जाणार. सानिका चौथी आली, दोन गुणांनी मागं. पोरगी जेवेना.

काही प्रश्न तिनं सोडले होते, पण चुकलेलं उत्तर एकच होतं. म्हशीचं दहा लिटर दूध, फॅट सात. गाईचं पाच लिटर, फॅट चार. एकत्र केलं तर फॅट किती? सानिकानं लिहिलं होतं सहा. सरांनी लाल फुली मारून लिहिलं, साडेपाच.

मी लगेच ओळखलं, हे तुमचं गणित! आठवतं? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी एक कॅन धुवायचा वाचावा म्हणून गाई-म्हशीचं दूध एकात ओतलं होतं. "मॅट्रिक झालीस गं, पर दूध वाचता येईना तुला," म्हणालात. पुढं तेच कॅन समोर ठेवून सानिकाला शिकवलंत : "दोन्ही सारखं आसलं तर उत्तर मधोमध. एक थोरला आसंल तर उत्तर थोरल्याकडं सरकतंय."

आणि मी काय म्हणाले? "आत्या, डेअरीचं डोक्यात भरू नका तिच्या. शाळेचं गणित करू दे." तुम्ही उठून गोठ्यात गेलात. का नाही हो मला उलट बोललात?

मी शाळेत गेले. सर म्हणाले, "वहिनी, सात नि चार अकरा, भागिले दोन. साडेपाच. त्यात काय आलंय?"

"मग सर, उद्या सकाळी डेअरीत या," म्हटलं.

आणि आले की! रांग तशीच थांबली. आधी दोन्ही दुधं वेगळी तपासली : म्हशीला ७.२, आपल्या डेअरीच्या बोलीत सात-दोन, गाईला चार-दोन. आता सगळे कॅन कोण मिसळतंय? दहाला पाच म्हणजे दोनाला एक. दोन पेले म्हशीचं, एक पेला गाईचं, भांड्यात ढवळून फॅटच्या मशीनला लावलं. सरांच्या रीतीनं यायला हवं पाच-सात. सानिका म्हणाली, सहा-दोन.

रांगेतल्या सुमनआक्का गप्प बसतील? "सर, तुमच्या घरी च्यात दूध नि साखर सारखीच घालत्यात व्हय?" सगळी डेअरी हसली. सरसुद्धा!

मशीन थांबलं. आकडा वाचणाऱ्या आप्पांनी हाळी दिली, "सहा-दोन!"

आत्या, पोरीचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होता. सरांनी कॅनच्या झाकणावरच पेपर ठेवला आणि फुली खोडली. "चुकलं माझं, सानिका," म्हणाले. एवढ्या बायांसमोर असं म्हणायलाही मोठं मन लागतं. कापलेला एक परत आला, बरोबरचे दोन मिळाले. तीन गुण! चौथी होती, ती तिसरी. ज्या पोराची जागा गेली त्याला कुणी न सांगता पेढा दिला सानिकानं; त्याचं तेवढं एक मनाला लागून राहिलं.

आता फॉर्म भरते आहे. 'मार्गदर्शकाचे नाव' असा रकाना आहे. सर स्वतःच म्हणाले, "माझं नको, वहिनी." तिथं मी तुमचं नाव लिहिलंय, शाईनं, पूर्ण. जे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, ते बेळगावात चारचौघांत सांगणार आहे, शब्द देते.

पण पुढचा रकाना आहे 'मार्गदर्शकाचे शिक्षण'. तुम्ही पहिलीला गेला होता, दुसरीला, की शाळेची पायरीच चढला नाहीत? एका चुलीवर इतकी वर्षं रांधलं आणि तुम्ही होता तोवर हे मी कधी विचारलंच नाही. शुक्रवारी फॉर्म द्यायचा आहे. स्वप्नात येऊन सांगा, कसंही सांगा, पण उलट टपाली कळवा.

तुमची सून,
शोभा